तृणधान्यांवरची इलेक्ट्रोस्टॅटिक फवारणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या फवारणीबद्दलचे प्रश्न बहुतेक वेळा यंत्रापासून सुरू होतात: किती व्होल्टचं आहे, किती लिटरमध्ये भागतं, टाकी केवढी. उत्तरं देताना मात्र मी किडीपासून सुरुवात करतो. थेंबाला विद्युतभार दिला की तो जवळच्या पानाकडे ओढला जातो. ते पान किडीचं असेलच असं नाही. गहू, भात, बार्ली, मका, ज्वारी, बाजरी या पिकांत हा फरक फार मोठा ठरतो, आणि खालची बरीचशी उत्तरं त्याभोवतीच फिरतात.

इलेक्ट्रोस्टॅटिक फवारणी म्हणजे नेमकं काय?

नोझलमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक थेंबावर, बहुधा ऋण, विद्युतभार चढवून केलेली फवारणी. रोप मुळांनी जमिनीशी जोडलेलं असतं. ऋण भाराच्या थेंबांचा ढग जवळ आला की पानातले इलेक्ट्रॉन जमिनीकडे ढकलले जातात, पानाच्या पृष्ठभागावर धन भार उमटतो आणि थेंब त्याकडे खेचले जातात. केस विंचरल्यावर कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात त्यामागेही हेच बल असतं. शिवाय सगळ्या थेंबांवर सारखाच भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात, एकत्र येऊन मोठे होत नाहीत आणि पानावर बऱ्यापैकी समान अंतराने बसतात.

थेंबांवर भार चढवतात कसा?

तीन पद्धती आहेत. पहिली, द्रवालाच थेट उच्च दाबाच्या विजेशी जोडणं. यात टाकीपासून नोझलपर्यंत सगळी यंत्रणा भारित होते, त्यामुळे इन्सुलेशन सांभाळणं जिकिरीचं असतं. दुसरी, नोझलसमोर टोकदार इलेक्ट्रोड ठेवून हवेत आयन तयार करायचे आणि त्यातून जाणाऱ्या थेंबांना ते चिकटू द्यायचे.

तिसरी पद्धत प्रवर्तनाची, आणि पाण्यात मिसळलेल्या औषधांसाठी आज तीच सर्वांत जास्त वापरली जाते. द्रवाची धार फुटून थेंब होतात त्या जागेभोवती इलेक्ट्रोडचं कडं असतं. कडं धन असेल तर धारेत ऋण भार ओढला जातो, आणि थेंब सुटताना तो सोबत घेऊन जातो. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात एडवर्ड लॉ यांनी १९७०च्या दशकात हे कडं नोझलच्या आत बसवलं आणि हवेच्या झोताने ते कोरडं ठेवलं. थेंब विरुद्ध भाराचे असल्यामुळे ते कड्याकडेच परत ओढले जातात, आणि कडं ओलं झालं की सगळा खेळ संपतो. ती अडचण या रचनेने सोडवली. कडं धारेच्या इतकं जवळ असल्यामुळे साधारण १ किलोव्होल्टवरही काम भागतं.

त्याच सुमारास ब्रिटनमधल्या आयसीआय कंपनीत रोनाल्ड कॉफी यांनी इलेक्ट्रोडाइन नावाचं हातात धरायचं यंत्र तयार केलं. त्यात पंप नव्हता. टॉर्चच्या सेलवर वीस हजारांहून जास्त व्होल्ट तयार करून विजेच्या बलानेच तेलात बनवलेलं औषध बारीक धाग्यांत ओढलं जाई आणि त्याचे थेंब होत. आफ्रिकेत कापसावर ते बरंच वापरलं गेलं. पण त्यासाठी खास तेलकट औषध लागे, नेहमीचं पाण्यातलं चालत नसे. यंत्र औषधाच्या एकाच प्रकाराशी बांधलं गेलं की निवडीला किती मर्यादा येते, हे त्यावरून दिसतं.

भारामुळे थेंबावर असा कितीसा जोर येतो?

हिशेब सोपा आहे आणि करून बघण्यासारखा आहे. थेंबावर दर किलो द्रवामागे किती भार आहे हे मिलिकूलंबमध्ये मोजतात. समजा तो १ मिलिकूलंब प्रति किलो आहे, आणि पानाजवळच्या विद्युतक्षेत्राची तीव्रता मीटरला १०,००० व्होल्ट आहे. मग थेंबावरचं विद्युतबल किलोमागे १० न्यूटन येतं, म्हणजे जवळजवळ त्याच्या वजनाइतकंच. भार ५ पट झाला तर थेंबाला खाली खेचणाऱ्या गुरुत्वाकर्षणाच्या ५ पट जोराने तो पानाकडे जाईल. म्हणूनच १च्या बराच खाली असलेला भार शेतात काही करून दाखवत नाही, आणि विक्रेत्याने सांगायला हवा तो आकडा हाच. नुसत्या व्होल्टच्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

थेंबावर किती भार मावतो यालाही मर्यादा आहे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८८२ साली ती मांडली: भार ठरावीक पातळीच्या वर गेला की पृष्ठताण हरतो आणि थेंब फुटतो. फवारणीयंत्रं या मर्यादेच्या बरीच खाली चालतात.

मग थेंब इतके बारीक का लागतात?

लहान थेंबावर वजनाच्या मानाने जास्त भार चढवता येतो, आणि तो विजेच्या बलाने सहज वळतो. २०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब सेकंदाला ७० सेंटिमीटरच्या आसपास वेगाने पडतो. पानाशेजारून जाताना वळायला त्याला वेळच नसतो. ५० मायक्रॉनचा थेंब सेकंदाला ७-८ सेंटिमीटर इतक्या सावकाश उतरतो, आणि शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये पान त्याला ओढून घेऊ शकतं. शिवाय २०० मायक्रॉनच्या एका थेंबातल्या द्रवाचे ५० मायक्रॉनचे ६४ थेंब होतात आणि त्यांचं एकूण पृष्ठफळ चौपट असतं. ३० ते ६० मायक्रॉनच्या थेंबांवर ही यंत्रं चालतात ती यामुळे. पण बारीक थेंबाची जी जुनी दुखणी आहेत, ऊन आणि वारा, ती भार दिल्याने बरी होत नाहीत. ते पुढे येईलच.

पानाच्या मागच्या बाजूलाही औषध बसतं, हे खरं आहे का?

खरं आहे, पण प्रमाणात. मोकळ्या, सुट्या पानावर भारित थेंब वळून खालच्या बाजूला जाऊन बसतात. फवारा मारल्यावर पान उलटून बघितलं तर फरक दिसतो. जाहिरातीतली चित्रं अशाच एकट्या पानाची किंवा कुंडीतल्या रोपाची असतात. दाट उभ्या गव्हात हेच घडेल असं धरून चालू नका.

तृणधान्यांत असं काय वेगळं आहे?

तीन गोष्टी. पहिली या तंत्राच्या बाजूची आहे. गहू-बार्लीची कोवळी पानं अरुंद, उभी आणि मेणचट असतात. मोठा थेंब त्यांच्यावर आपटून उसळतो किंवा घरंगळून जमिनीवर जातो. बारीक थेंब बसला की बसतो. त्यामुळे पीक लहान आणि विरळ असताना भारित बारीक थेंबांनी पानावरचा साठा वाढतो आणि मातीवर वाया जाणारं औषध कमी होतं. या तंत्राचा सर्वांत प्रामाणिक फायदा मला इथे दिसतो.

दुसरी गोष्ट विरोधात जाते: दाटी. फुटवे आल्यावर तृणधान्याचं पीक म्हणजे जमिनीशी जोडलेल्या हजारो उभ्या तारांची जाळी. बाहेरचं विद्युतक्षेत्र अशा जाळीच्या आत शिरत नाही. तारेच्या पिंजऱ्यात वीज शिरत नाही तसंच हे. थेंबांना आत ओढणारं बलच उरत नाही, आणि वरच्या थरातली पानं त्यांना वरच्यावर टिपून घेतात.

तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही: कुसळं. गहू, बार्ली, भाताच्या काही जाती, सगळ्यांच्या ओंब्या-लोंब्यांवर सुईसारखी टोकं असतात. भारित ढग वर आला की टोकांजवळ विद्युतक्षेत्र एकवटतं. हवा मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टपर्यंत टिकते. टोकाशी ती पातळी ओलांडली गेली की हवेचं आयनीभवन होतं आणि विरुद्ध भाराचे आयन ढगाकडे सुटतात. येणाऱ्या थेंबांचा भार तिथेच मारला जातो. त्यामुळे नोझल ओंब्यांच्या अगदी जवळ आणून व्होल्ट वाढवले तर फायदा वाढण्याऐवजी घटू शकतो. नोझलची उंची उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ठेवा आणि बूम, म्हणजे नोझलांची आडवी दांडी, हेलकावू देऊ नका.

बुडापर्यंत फवारा जात नाही, हे कुणी तपासलं आहे का?

हो, आणि फार पूर्वीच. ब्रिटनमधल्या रॉथम्स्टेड संशोधन केंद्राच्या गटाने १९८०च्या दशकात भारित फिरत्या चकतीची फवारणीयंत्रं बार्लीसह वेगवेगळ्या पिकांवर चालवून पाहिली. झाडाच्या वरच्या भागावरचा साठा वाढला, खाली पोहोचणारा मात्र कमी राहिला. ब्रिटनमधल्याच सिल्सो इथल्या कृषी अभियांत्रिकी संस्थेतल्या लेक आणि मार्चंट यांनी १९८४ साली वाऱ्याच्या बोगद्यात बार्लीवर प्रयोग करून या थेंबांच्या बसण्याचं गणितही मांडलं. म्हणजे ही मर्यादा आजच्या एखाद्या यंत्रातला दोष नाही. ती पिकाच्या घडणीतून आणि विजेच्या नियमातून आलेली आहे.

त्यावरचा उपाय म्हणजे हवेचा झोत. झोत पानं हलवतो, दाटीत वाटा करतो आणि थेंबांना आत वाहून नेतो. आत गेल्यावर थेंबांच्या ढगाचा स्वतःचाच भार त्यांना बाजूच्या पानांकडे ढकलतो. म्हणून दाट पिकात झोताशिवाय नुसता भार कामाचा नाही असंच मी म्हणेन. झोत फार जोराचा असेल तर पिकाला धडकून परत वर येतो आणि थेंबांना बाहेर घेऊन जातो, तेव्हा तोही बेतानेच हवा.

मग कोणत्या कीड-रोगांसाठी हे वापरावं?

आधी कीड कुठे बसते ते बघा. ओंबीवरचा मावा, वरच्या पानांवरचा तांबेरा, झेंड्याच्या, म्हणजे ओंबीखालच्या शेवटच्या पानावरचे ठिपके, भाताच्या वरच्या पानांवरचा करपा: हे सगळं भारित थेंब पोहोचतात त्या उंचीवर आहे. गव्हाच्या ओंबीवरच्या फ्युजेरियम या बुरशीच्या रोगात लक्ष्य उभं असतं आणि फुलोऱ्याचे मोजके दिवसच हाताशी असतात. तिथे ओंबीला सर्व बाजूंनी थेंब लागणं मोलाचं. पण कुसळांचं वर सांगितलेलं गणित लक्षात ठेवा, आणि पुढे-मागे तिरक्या बसवलेल्या साध्या नोझलांशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

भाताचे तपकिरी तुडतुडे नेमके उलट. ते चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या जरा वर राहतात. वरून मारलेला भारित फवारा पानांवरच अडकतो, खाली तुडतुडे तसेच राहतात. त्यांच्यासाठी पीक बाजूला सारून नोझल बुडाकडे वळवण्याला पर्याय नाही. गव्हाच्या बुंध्यावरचे रोगही याच वर्गातले. मक्यावरची लष्करी अळी पोंग्यात खोल बसते. तिथे धारेसारखा जाड थेंब घरंगळत आत जायला हवा. बारीक भारित थेंब पोंग्याच्या बाहेरच्या पानांना चिकटून बसतो. खोडात शिरलेल्या खोडकिड्याबद्दल वेगळं सांगायला नको.

औषध आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनून आत सरकणारं असेल तर बुडाची उणीव भरून निघेल, असं अनेकांना वाटतं. बहुतेक आंतरप्रवाही औषधं झाडात खालून वर सरकतात. वरच्या पानावर पडलेलं औषध बुंध्याकडे उतरेल या भरवशावर राहू नये.

तणनाशक फवारता येईल का?

नको. तणनाशकाचा बारीक थेंब शेजारच्या पिकावर गेला तर भरून न येणारं नुकसान होतं. उगवणीपूर्वी मातीवर मारायच्या तणनाशकात तर पानाकडे ओढण्याचा प्रश्नच नाही.

औषधाची मात्रा निम्मी करता येते, असं ऐकलं. खरं का?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पाणी कमी करता येतं. साध्या फवारणीला हेक्टरी २०० ते ५०० लिटर पाणी लागतं, तिथे हवेच्या झोताची भारित यंत्रं १०० लिटर किंवा त्याहून कमी पाण्यात काम करू शकतात. मात्रा म्हणजे हेक्टरी पडणारं क्रियाशील घटकाचं प्रमाण. ते लेबलवर लिहिलेलं असतं आणि तेच पाळायचं.

पानावर जास्त औषध बसतं म्हणून मात्रा घटवणं ऐकायला पटतं. पण वरच्या पानावर दुप्पट आणि बुडाशी निम्मं बसत असेल, तर मात्रा निम्मी केल्यावर बुडाशी चतुर्थांश उरतं. किडीला तिथे अपुरी मात्रा मिळते, ती तगते, आणि प्रतिकारक्षम पिढी तयार व्हायला वाट मोकळी होते. याचं नुकसान एका शेतापुरतं राहत नाही. लेबलवर किमान पाण्याचं प्रमाण दिलेलं असेल तर तेही पाळा. कमी पाण्यात द्रावण तीव्र होतं, काही औषधांनी पानं करपतात, आणि मिसळणाऱ्याच्या हातात जास्त जहाल द्रव असतो.

पाणी कसलं चालतं? औषध कोणतंही?

प्रवर्तन पद्धतीला द्रव विजेचा वाहक असावा लागतो. नेहमीचं विहिरीचं किंवा नळाचं पाणी पुरेसं वाहक असतं. पाण्यात विरघळणारी आणि मिसळणारी औषधं चालतात. निव्वळ तेलातली चालत नाहीत. भुकटीची औषधं नीट ढवळून आणि गाळून घ्या, कारण या नोझलची छिद्रं बारीक असतात. चिकटद्रव्य घातलं की पृष्ठताण बदलतो आणि थेंबांचा आकारही, म्हणून सवयीने टोपणभर ओतू नका.

ऊन आणि आर्द्रतेचा किती फरक पडतो?

फार. २० अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रतेत ५० मायक्रॉनचा पाण्याचा थेंब सुमारे १४ सेकंद टिकतो. ३० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत तोच ४ सेकंदांत संपतो, आणि स्थिर हवेत तेवढ्या वेळात जेमतेम १५ सेंटिमीटर खाली येतो. त्याच हवेत २०० मायक्रॉनचा थेंब मिनिटभर टिकतो. दुपारच्या कोरड्या उन्हात भारित फवारणी केली तर पानापर्यंत पोहोचतो तो पाणी उडालेला औषधाचा कण, किंवा पोहोचत काहीच नाही. सकाळी दव वाळल्यावर किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारा. हवा मात्र अगदी निश्चल नको: संध्याकाळी जमिनीलगत थंड हवेचा थर साचला असेल तर बारीक थेंब त्यात तरंगत लांबवर जातात.

भार असल्यामुळे औषध वाऱ्याने उडत नाही ना?

या प्रश्नाला "नाही" असं सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पानाची ओढ काही सेंटिमीटरच्या आतच प्रभावी असते. नोझल आणि पीक यांच्यामधल्या अंतरात थेंब वाऱ्याच्याच ताब्यात असतो. तितक्याच बारीक बिनभाराच्या थेंबांच्या तुलनेत भारित थेंब कमी उडतात, हे पटण्यासारखं आहे. पण साध्या यंत्राच्या जाड थेंबांशी तुलना केली तर चित्र उलटू शकतं. शिवाय थेंब एकमेकांना लोटत असल्यामुळे ढगाच्या कडेचे काही थेंब वर आणि बाहेर ढकलले जातात. वारा जाणवण्याइतका वाढला की थांबा. शेजारी तळं, वस्ती, मधमाश्यांच्या पेट्या किंवा फुलोऱ्यातलं पीक असेल तर त्या बाजूच्या कडेला जाड थेंबांचं साधं नोझलच वापरा.

शॉक बसतो का?

व्होल्ट हजारांत असले तरी विद्युतप्रवाह सहसा मायक्रोॲम्पिअरमध्ये असतो, त्यामुळे नीट बनवलेल्या यंत्राचा चटका झटक्यापुरताच असतो. पण झटक्याने दचकून हातातली नळी सुटणं किंवा तोल जाणं, हा धोका खराच. ज्वालाग्राही द्रावकांजवळ ठिणगी तर त्याहून वाईट. नोझलला हात लावण्याआधी वीज बंद करा आणि भार उतरू द्या.

याहून मोठा धोका वेगळाच आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. फवारणारा माणूसही जमिनीशी जोडलेलाच असतो. भारित थेंबांच्या दृष्टीने पान आणि माणूस यांत फरक नाही. हातात धरायच्या यंत्रात ढग माणसाजवळ रेंगाळला तर तो कपड्यांवर, हातांवर, चेहऱ्यावर येऊन बसतो. वारा पाठीवर किंवा कुशीवर घेऊन चाला, फवारलेल्या ओळीत पुन्हा शिरू नका, पूर्ण अंगाचे कपडे, हातमोजे, चष्मा आणि योग्य मास्क घाला. हे थेंब श्वासावाटे आत जाण्याइतके बारीक असतात, तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही.

अर्थिंगची साखळी कशासाठी?

ऋण भार थेंबांबरोबर बाहेर गेला की तेवढाच धन भार यंत्रावर मागे उरतो. त्याला जमिनीत जायला वाट हवी. वाट नसेल तर यंत्रच धन होतं आणि स्वतःचे थेंब परत ओढून घेतं: बूम, टाकी, चालवणारा, सगळे भिजतात. म्हणून साखळी किंवा तार जमिनीला सतत टेकलेली असावी. हातयंत्रात ही वाट काही वेळा माणसाच्या शरीरातून असते. तिथे रबरी बूट आणि रबरी हातमोजे घातले की वाट तुटते, म्हणून वेगळी लोंबती तार असलेलंच यंत्र निवडा. संरक्षक कपडे काढणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

विमान आणि ड्रोन यांना जमीन मिळतच नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यात जेम्स कार्लटन यांनी विकसित केलेल्या विमानयंत्रणेत एका बाजूच्या पंखाखालच्या नोझलांतून धन आणि दुसऱ्या बाजूच्या नोझलांतून ऋण थेंब सोडले जातात, म्हणजे विमानावर भार साठत नाही. भारित फवारणीचा ड्रोन बघत असाल तर त्यात हा हिशेब कसा मिटवला आहे, हे पहिलं विचारा.

भार खरोखर चढतो आहे, हे कसं ओळखायचं?

नुसत्या दिव्यावरून ओळखता येत नाही. दिवा इलेक्ट्रोडला वीज मिळते एवढंच सांगतो. नोझलच्या तोंडाशी औषधाचा थर साचला की वीज त्या ओल्या थरातून गळून जाते आणि थेंब कोरेच बाहेर पडतात, दिवा मात्र चालू असतो. कामाच्या मध्ये नोझल पुसा, संपल्यावर स्वच्छ पाण्याने धुवा. इन्सुलेशनवर काळसर रेघ दिसली तर तो भाग बदला. खरी मोजणी करायची तर फवारा इन्सुलेटरवर ठेवलेल्या जाळीच्या धातूच्या भांड्यात धरतात, भांडं मायक्रोॲमीटरमधून जमिनीला जोडतात, आणि ठरावीक वेळात जमलेल्या द्रवाचं वजन करतात. प्रवाह भागिले दर सेकंदाला जमणारं वजन म्हणजे वर सांगितलेलं भार-वस्तुमान गुणोत्तर. यंत्र विकणाऱ्याकडे ही मोजणी मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

माझ्या पिकात फायदा होतो की नाही, हे कसं तपासू?

शेजारच्या शेतातल्या जुन्या पंपाशी तुलना करू नका. त्यात थेंब वेगळे, पाणी वेगळं, वेग वेगळा. तेच यंत्र, तोच दाब, तोच वेग ठेवून एक पट्टा भार चालू करून आणि एक पट्टा भार बंद करून फवारा. टाकीत फक्त पाणी भरा. पाण्याच्या थेंबाने निळा होणारा पिवळा संवेदी कागद दोन्ही पट्ट्यांत तीन उंचींवर लावा: ओंबी किंवा झेंड्याचं पान, मधलं पान आणि बुंधा. प्रत्येक ठिकाणी एक कागद वर तोंड करून, एक खाली तोंड करून.

कागद थेट जिवंत हिरव्या पानाला धातूच्या चिमट्याने लावा. प्लॅस्टिकच्या काडीवर टांगलेला कागद जमिनीशी जोडलेला नसतो. त्याच्यावर भार साठतो, मग तो थेंबांना दूर सारतो आणि निकाल चुकतो. फार बारीक थेंबांचे ठिपके या कागदावर नीट उमटत नाहीत, म्हणून शक्य असेल तर आणखी दोन पट्टे, एक भार चालू आणि एक बंद ठेवून, चमकणाऱ्या रंगाच्या पाण्याने फवारा आणि रात्री अतिनील टॉर्चने पानं बघा. आता तुमची कीड ज्या उंचीवर बसते त्याच उंचीचे कागद आधी हातात घ्या. बाकीचे नंतर पाहिले तरी चालतील.